मत्स्यटाकीतील मरगळलेल्या वनस्पती सावरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीतील वनस्पती पिवळ्या पडू लागल्या की बहुतेक जण घाबरून एकाच दिवशी दिवा बदलतात, खत दुप्पट करतात, तळाची वाळू उपसतात आणि वरून एखादे औषधही घालतात. त्यामुळे आजाराचे कारण कळत नाही आणि आधीच थकलेल्या वनस्पतीवर आणखी ताण येतो. पुढील उत्तरे अशा वेळी शांतपणे क्रमाने काय पाहावे यासाठी लिहिली आहेत. ती वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी: खराब झालेले पान पुन्हा पूर्वीसारखे होत नाही, म्हणून उपचार लागू पडला की नाही याचा निवाडा नेहमी त्यानंतर आलेल्या नव्या पानावरून करायचा असतो.

सगळी पाने कुजली आहेत. वनस्पती मेली असे समजावे का?

पानांवरून ते ठरत नाही. वनस्पती हलकेच हातात घेऊन मुळे, खोड किंवा कंद बोटांनी चाचपून पाहावा. जो भाग घट्ट लागतो आणि आतून पांढरा, हिरवा किंवा फिकट पिवळसर दिसतो, तो जिवंत असतो. जो भाग दाबताच लिबलिबीत होऊन सुटतो आणि ज्याला कुजका वास येतो, तो गेलेला असतो. क्रिप्टोकोरिन, ॲमेझॉन सोर्ड यांसारख्या वनस्पतींचा मधला गड्डा शाबूत असेल तर एकही पान नसताना त्या पुन्हा फुटतात. उभ्या खोडाच्या वनस्पतींमध्ये प्रत्येक पेरात नवा धुमारा येण्याची क्षमता असल्यामुळे दोन-तीन निरोगी पेरांचा तुकडाही पुरेसा ठरतो.

नवीन आणलेली हिरवीगार वनस्पती आठवड्याभरातच विरघळू लागली. आमचे काय चुकले?

बहुधा काहीच चुकलेले नाही. विक्रीसाठी वाढवल्या जाणाऱ्या पुष्कळ पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याखाली नव्हे, तर मुळे ओल्या माध्यमात आणि पाने दमट हवेत ठेवून वाढवलेल्या असतात, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, वाढ झपाट्याने होते आणि पानांवर शेवाळही धरत नाही. अशा हवेतल्या पानांवर पाणी उडून जाऊ नये म्हणून मेणचट आवरण असते, त्यांची रंध्रे वायूंच्या देवघेवीसाठी घडलेली असतात आणि त्यांचे देठ स्वतःचा भार पेलण्याइतके ताठ असतात. पाण्याखाली यातले काहीच कामी येत नाही. तेथे पान पातळ आणि मऊ असावे लागते, म्हणजे पाण्यात विरघळलेले वायू आणि अन्नद्रव्ये ते थेट आपल्या पृष्ठभागातून शोषू शकते. म्हणून वनस्पती जुनी पाने सोडून देते, त्यांतील उपयोगी द्रव्ये शक्य तितकी परत ओढून घेते आणि नव्या घडणीची पाने काढते. एकाच वनस्पतीची हवेतली आणि पाण्यातली पाने कधी कधी इतकी वेगळी दिसतात की ती दोन निराळ्या जातींची वाटावीत.

हा बदल पार पडायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. या काळात वनस्पती उपटून दुसरीकडे लावू नये. प्रकाश मध्यम आणि पाणी स्वच्छ ठेवावे, कुजलेली पाने वेळच्या वेळी काढावीत. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवून बंद डबीत मिळणाऱ्या रोपांनाही हेच लागू आहे. फक्त त्यांच्या मुळांना चिकटलेला जेलसारखा थर लावण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली पूर्ण धुऊन काढावा, कारण त्यात साखर असते आणि ती टाकीत सडते.

आमची क्रिप्टोकोरिन वर्षभर उत्तम होती. जागा बदलली आणि ती दोन दिवसांत कोलमडली. असे का झाले?

ही वनस्पती बदलाच्या बाबतीत फार हळवी आहे. जागा, प्रकाश, तापमान किंवा पाण्याचे गुणधर्म अचानक बदलले की तिची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. छंदिष्ट मंडळी याला ‘क्रिप्ट मेल्ट’ म्हणतात. मुळे जमिनीत शाबूत असतील तर तिला हात लावू नये. काही आठवड्यांनी मधूनच लहान, टोकदार पान वर येते. अशा वेळी ती मेली असे समजून उपटून टाकणे ही मला या छंदातील सर्वांत हळहळ वाटायला लावणारी चूक वाटते, कारण त्या क्षणी मातीखाली वनस्पती पूर्ण जिवंत असते.

खालावलेली टाकी सावरायची असेल तर पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

प्रथम कुजलेला सर्व भाग बाहेर काढावा. सडणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो, तो माशांना घातक असतो, शेवाळाला पोषक असतो आणि पाण्यातील प्राणवायूही या कुजण्यात खर्ची पडतो. त्यानंतर ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतल्या पाण्याच्या तापमानाच्या जवळपास असावे आणि त्यातील क्लोरीन काढलेले असावे. ज्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे टिकाऊ संयुग) असते त्यासाठी ते नुसते उघडे ठेवून भागत नाही, क्लोरीननाशक द्रावण वापरावेच लागते.

मग वनस्पती योग्य तऱ्हेने लावल्या आहेत का ते पाहावे. कुंडीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचा खनिज लोकरीचा बोळा तसाच राहिला असेल, देठांच्या जुडीला आवळलेली धातूची पट्टी काढलेली नसेल किंवा दहा देठ एकाच खड्ड्यात कोंबलेले असतील, तर खालचा भाग गुदमरून सडतो. बोळा काढून, पट्टी सोडवून, एकेक देठ थोड्या अंतरावर लावावा. तळाचा थर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर असावा आणि त्याचे कण २ ते ३ मिलिमीटरच्या आसपास असावेत, म्हणजे मुळांना आधारही मिळतो आणि पाणीही आत खेळते. फार बारीक वाळूचा जाड थर घट्ट बसला, की त्यात प्राणवायू पोचत नाही, मुळे काळी पडतात आणि वाळू हलवताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू होय. असा थर एका दिवसात संपूर्ण उपसू नये. दर आठवड्याला थोडा थोडा भाग काडीने मोकळा करावा आणि लगेच पाणी बदलावे.

दिव्याला टायमर लावून प्रकाश रोज ६ तासांवर आणावा. खत चालू असेल तर ते निम्म्यावर ठेवावे. इतके करून एक आठवडा थांबावे. हा थांबण्याचा आठवडा अनेकांना जड जातो, पण तो उपचाराचाच भाग आहे.

खराब पाने कापून टाकावीत की वनस्पतीला आधार म्हणून ठेवावीत?

निम्म्याहून अधिक पिवळे, भोके पडलेले किंवा शेवाळाने माखलेले पान देठाच्या तळाशी, म्हणजे मुळाजवळ, धारदार कात्रीने कापावे. अर्धवट कापलेला देठ तसाच सडत राहतो. थोडेच डागाळलेले पान मात्र ठेवावे, कारण ते अजून अन्न तयार करत असते आणि नव्या पानाला लागणारी नत्र-पालाशसारखी द्रव्ये त्यातूनच हलवली जातात. एका वेळी एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक छाटणी करू नये. पूर्ण सडलेल्या पानांना ही मर्यादा लागू नाही.

दिवा किती वेळ आणि किती तीव्र असावा?

निरोगी टाकीसाठी ७ ते ८ तास पुरतात आणि सावरणाऱ्या टाकीसाठी ६ तास. रोज वेळ एकच असावी, कारण कधी चार तास आणि कधी बारा तास असा अनियमित प्रकाश मिळाला की वनस्पती चाचपडते आणि शेवाळ मात्र त्याचा लाभ उठवते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टाकीची जागा बदलावी किंवा मागच्या बाजूस पडदा लावावा.

तीव्रतेबद्दल गैरसमज फार आहेत. वनस्पती कोमेजली म्हणून अधिक प्रबळ दिवा आणणे हे बहुतेक वेळा उलटे पडते. प्रकाश वाढला की वनस्पतीची कार्बनची आणि खनिजांची मागणीही वाढते. तो पुरवठा नसेल तर भूक आणखी तीव्र होते आणि पडून राहिलेला प्रकाश शेवाळ वापरते. उलट, खरोखर प्रकाश कमी असल्याची खूणही स्पष्ट असते: देठ उंच आणि किडकिडीत होतात, दोन पेरांमधले अंतर वाढते, खालची पाने झडतात आणि लाल जातींचा रंग हिरवट होतो. असे दिसले तरच प्रकाश वाढवावा, तोही एकदम नव्हे. पाण्यावर तरंगणाऱ्या पिस्टिया, साल्व्हिनिया किंवा डकवीडचा दाट थर झाला असेल तर आधी तो विरळ करावा, कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

तापमानाचाही येथे संबंध आहे. पाणी जितके उबदार, तितका वनस्पतीचा श्वसनातील खर्च अधिक. म्हणून २२ ते २६ अंशांत समाधानाने वाढणारी वनस्पती ३० अंशांना त्याच दिव्याखाली उपाशी राहू शकते.

कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लावल्याशिवाय वनस्पती जगत नाहीत का?

जगतात, आणि चांगल्या जगतात. मात्र त्यासाठी वनस्पतींची निवड आणि प्रकाश त्या मर्यादेत असावे लागतात.

मूळ अडचण अशी आहे की हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंशांच्या आसपास प्रति लिटर जेमतेम अर्धा मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो आणि हा वायू पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पटींनी सावकाश पसरतो. म्हणजे पानाच्या अगदी लगतचे पाणी रिकामे झाले की नवा पुरवठा पोचायला वेळ लागतो. म्हणूनच वायू न सोडलेल्या टाकीतही पाण्याचा संथ पण सर्वत्र पोचणारा प्रवाह असणे फार उपयोगी ठरते. पाने किंचित डोलत असावीत, ही साधी खूण पुरेशी आहे. जावा फर्न, ॲन्युबियास, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया, जावा मॉस, हायग्रोफिलाच्या चिवट जाती, हॉर्नवर्ट यांना वेगळा वायू लागत नाही. गालिच्यासारख्या पसरणाऱ्या आणि गर्द लाल रंगाच्या अनेक जाती मात्र त्याशिवाय खुरटतात.

वायू सोडणाऱ्या टाकीत तो साधारणपणे प्रति लिटर २० ते ३० मिलीग्रॅम ठेवला जातो. दिवा लागण्यापूर्वी एक-दोन तास वायू सुरू करावा आणि दिवा मालवण्याच्या सुमारास बंद करावा, कारण अंधारात वनस्पती तो वापरत नाहीत, उलट स्वतःच सोडतात. मोजण्यासाठी काचेचा ड्रॉप चेकर मिळतो. त्यात ४ अंश कार्बोनेट कठीणतेचे (म्हणजे कार्बोनेट क्षारांच्या ठरावीक प्रमाणाचे) द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक असतो. द्रावण निळे असेल तर वायू कमी, हिरवे असेल तर प्रति लिटर ३० मिलीग्रॅमच्या आसपास आणि पिवळे झाले तर धोकादायक जास्त. हा रंग प्रत्यक्ष बदलाच्या एक-दोन तास मागे असतो, हे विसरू नये. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर रंगाची वाट न पाहता वायू ताबडतोब बंद करावा आणि हवेचा पंप लावावा. वनस्पती पुन्हा आणता येतात, माशांच्या जिवाशी प्रयोग करू नये.

बाटलीतून मिळणारा ‘द्रवरूप कार्बन’ वापरावा का?

यांतील बहुतेक उत्पादनांत ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचेच एखादे रूप असते. वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन आहे. शेवाळावर त्याचा परिणाम दिसतो, पण त्याला कार्बन डायऑक्साइडचा पर्याय समजू नये. व्हॅलिस्नेरिया, एलोडियासारख्या वनस्पती आणि काही मॉस त्याने वितळतात. आधीच दुबळ्या झालेल्या टाकीत मी ते सुचवणार नाही. वापरायचेच ठरले तर हातमोजे घालावेत आणि बाटलीवरील मात्रा कधीही ओलांडू नये.

पान पाहून कोणते अन्नद्रव्य कमी आहे हे कसे ओळखावे?

आधी एकच प्रश्न विचारावा: बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती आपल्या अंगात हलवू शकते. त्यांची टंचाई झाली की ती जुन्या पानांतून काढून नव्या कोंबाकडे पाठवते, म्हणून खुणा खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन यांना असे हलवता येत नाही किंवा फार कमी हलवता येते, म्हणून त्यांची टंचाई थेट शेंड्याच्या कोवळ्या पानांवर उमटते.

जुनी पाने सरसकट फिकट पिवळी होऊन झडत असतील आणि एकूण वाढ मंद असेल तर नत्राकडे पाहावे. नायट्रेटची चाचणी शून्य दाखवत असेल तर संशय पक्का होतो, कारण दाट वनस्पतींच्या टाकीत माशांच्या विष्ठेतून येणारे सर्व नत्र संपून जाऊ शकते. जुन्या पानांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग काळसर कडा असलेली भोके आणि पिवळ्या किनारी दिसल्या तर पालाशची, म्हणजे पोटॅशियमची उणीव समजावी. हायग्रोफिला आणि जावा फर्नवर ही खूण लवकर दिसते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा विचार करावा. वाढ खुंटली आहे, पाने लहान आणि अधिक गडद आहेत आणि संथ वाढणाऱ्या पानांवर व काचेवर घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके येत आहेत, असे असेल तर स्फुरद कमी असण्याची शक्यता मोठी असते.

नवी पाने फिकट, जवळजवळ पांढरी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची टंचाई. येथे एक मेख आहे. खतात लोह असूनही ते वनस्पतीला मिळेलच असे नाही. लोह पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ते ईडीटीए, डीटीपीए यांसारख्या संयुगांनी बांधलेले असते. साध्या ईडीटीएने बांधलेले लोह पाण्याचा सामू ७ च्या वर गेल्यावर लवकर निसटून निरुपयोगी होते, तर डीटीपीएने बांधलेले त्याहून थोड्या अधिक सामूपर्यंत टिकते. त्यामुळे ज्यांचे पाणी अल्कधर्मी आहे त्यांनी बाटलीवर लोह कोणत्या रूपात आहे हे वाचून घ्यावे. नवी पाने वाकडी, सुरकुतलेली, टोकाशी मेल्यासारखी येत असतील तर कॅल्शियम पाहावे, पण त्याआधी कार्बन डायऑक्साइड स्थिर आहे ना याची खात्री करावी, कारण त्याच्या चढ-उतारानेही शेंडे असेच पिळवटतात.

एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फोन लीबिग यांनी सर्वदूर नेलेला किमानतेचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो: जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते, तेच वाढीचा वेग ठरवते. पालाश संपलेला असताना लोहाच्या चार बाटल्या ओतल्या तरी वनस्पती जागची हलत नाही.

माशांची विष्ठा हेच खत नाही का? वेगळे खत कशाला?

माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी येतात, पालाश आणि लोह मात्र वनस्पतींच्या गरजेइतके सहसा येत नाहीत. मासे भरपूर आणि वनस्पती मोजक्या असतील तर पालाश व सूक्ष्म द्रव्यांचे खत पुरेसे असते. वनस्पती दाट आणि मासे थोडे असतील तर नत्र व स्फुरदही द्यावे लागते. मध्यम प्रकाशाच्या टाकीत नायट्रेट प्रति लिटर १० ते २० मिलीग्रॅम आणि फॉस्फेट १ ते २ मिलीग्रॅम राहिले तर काळजी नसावी.

सावरणाऱ्या टाकीत द्रवरूप खताची सुरुवात बाटलीवरील मात्रेच्या निम्म्याने करावी आणि नवी पाने दिसू लागल्यावर हळूहळू पूर्ण मात्रेवर जावे. ज्या टाकीत पानेच उरलेली नाहीत तेथे पाण्यात खत ओतून ते घेणार कोण, हा विचार करावा. मुळांवाटे भरपूर खाणाऱ्या ॲमेझॉन सोर्ड आणि क्रिप्टोकोरिनसाठी तळात पुरायच्या खताच्या गोळ्या अधिक उपयोगी पडतात. त्या मुळांजवळ, थेट तळापर्यंत खुपसाव्यात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्याव्यात. गोळी वर राहिली तर ती पाण्यात विरघळून शेवाळाच्या पथ्यावर पडते. बागेतले खत टाकीत घालू नये. त्यातील अमोनियम किंवा युरिया माशांच्या जिवावर बेतू शकतो.

आम्ही आरओचे शुद्ध पाणी वापरतो, तरीही वनस्पती खुरटतात.

शुद्धता हेच येथे कारण आहे. आरओ यंत्र पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकते. अशा पाण्यात एकतर नळाचे पाणी मिसळावे, किंवा खास त्यासाठी मिळणारी खनिजे घालून सर्वसाधारण कठीणता, म्हणजे या दोन खनिजांचे प्रमाण, ४ ते ८ जर्मन अंशांपर्यंत (कठीणता मोजण्याचे एकक) आणावी. कार्बोनेट कठीणता जवळजवळ शून्य असेल तर सामूही अचानक घसरू शकतो, आणि ते वनस्पतींपेक्षा माशांना अधिक बाधते.

ॲन्युबियास आणि जावा फर्न अवघड नसतात म्हणतात, मग आमच्याकडे त्या का सडल्या?

त्यांचे आडवे जाड खोड, म्हणजे राइझोम, वाळूत पुरले गेले असावे. या वनस्पती निसर्गात दगडांना आणि बुडालेल्या लाकडांना धरून वाढतात. खोड वाळूखाली गेले की ते कुजते. त्यांना बाहेर काढून सडलेला भाग निरोगी पेशी दिसेपर्यंत कापावा आणि उरलेला तुकडा दोऱ्याने किंवा सायनोॲक्रिलेट जेल गोंदाच्या थेंबाने दगडावर बसवावा. मुळे वाळूत गेली तर हरकत नाही, खोड मोकळे हवे.

जावा फर्नच्या पानामागे ओळीने येणारे तपकिरी ठिपके बहुतेक वेळा रोग नसतात. ते बीजाणूंचे पुंज असतात. जुन्या पानांच्या टोकांवर चिमुकली रोपेही फुटतात. ती थोडी मोठी झाल्यावर अलगद तोडून वेगळी लावावीत. या दोन्ही वनस्पती महिन्याला एखाददुसरे पान काढतात, त्यामुळे त्यांच्याबाबत निर्णयाची घाई अजिबात करू नये.

उभ्या देठांच्या वनस्पती वर हिरव्या आणि खाली नागड्या झाल्या आहेत.

खालच्या भागाला सावली लागली म्हणून तो झडला. वरचा १० ते १५ सेंटिमीटरचा निरोगी शेंडा पेराच्या जरा खाली कापावा, खालची दोन-तीन पाने काढावीत आणि ती पेरे वाळूत जातील असा लावावा. मुळे बहुधा आठवड्याभरात धरतात. जुना बुंधा अगदीच थकला नसेल तर तो राहू द्यावा, कापलेल्या जागेखालून त्याला दोन नवे फाटे फुटतात. रोटाला, लुडविगिया, बाकोपा, हायग्रोफिला या सर्वांना हाच उपाय लागू पडतो.

वनस्पतींवर शेवाळ चढले आहे. आधी शेवाळ मारावे की वनस्पती सावराव्यात?

वनस्पती सावराव्यात. शेवाळ हे मागे पडलेल्या वाढीचे लक्षण असते, आणि वाढ सुरू झाली की त्याची जागा आपोआप आक्रसते. तोपर्यंत ते हाताने काढावे, माखलेली पाने कापावीत, प्रकाशाचे तास कमी ठेवावेत आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलावे. हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती काही काळ टाकीत सोडली तर ती जादा अन्नद्रव्ये ओढून घेते. पुढे ती काढून टाकता येते.

पानांच्या कडांवर येणारे काळ्या केसांसारखे शेवाळ बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या चढ-उताराशी आणि साचलेल्या सेंद्रिय घाणीशी निगडित असते. म्हणून फिल्टर साफ करावा, पण त्यातील स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावा, नळाच्या पाण्यात नव्हे, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात. निळसर हिरव्या, बुळबुळीत चादरीसारखे पसरणारे आणि उग्र वासाचे जे दिसते ते खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. जमेल तेवढी चादर ओढून काढावी, पाणी बदलावे, टाकी तीन दिवस पूर्ण झाकून अंधारात ठेवावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि शेवटी पुन्हा पाणी बदलावे. अतिशय दुबळ्या वनस्पतींना हा अंधार सोसेलच असे नाही, तेव्हा त्या आधी दुसऱ्या भांड्यात हलवाव्यात.

माशांना औषध दिले आणि वनस्पती कोमेजल्या. संबंध असेल का?

असू शकतो. तांबेयुक्त औषधे, मिठाचे उपचार आणि मिथिलीन ब्लू यांचा वनस्पतींवर विपरीत परिणाम होतो. तांबे कोळंबी आणि गोगलगायींनाही मारक असते. शक्य असेल तेव्हा आजारी माशावर वेगळ्या टाकीत उपचार करावेत. उपचार मुख्य टाकीत झालेच असतील तर ते संपल्यावर मोठे पाणीबदल करावेत आणि फिल्टरमध्ये काही दिवस सक्रिय कोळसा ठेवावा. मीठ मात्र कोळशाने निघत नाही, ते फक्त पाणी बदलूनच कमी होते.

गोगलगायी पाने खाऊन टाकत आहेत का?

टाकीत आपोआप येणाऱ्या लहान गोगलगायी प्रामुख्याने सडलेली पाने आणि शेवाळ खातात. पान आधी मरते आणि मग त्या तेथे जमतात, म्हणून दोष त्यांच्या माथी येतो. ॲपल स्नेलच्या काही जाती आणि गोल्डफिश, सिल्व्हर डॉलर यांसारखे मासे मात्र निरोगी वनस्पतीही फस्त करतात. तेथे खताचा उपाय नाही. चिवट पानांच्या ॲन्युबियास, जावा फर्न निवडणे किंवा वनस्पती वेगळ्या टाकीत ठेवणे एवढेच करता येते.

सर्व काही योग्य असूनही एकच वनस्पती महिन्यांमागून महिने झुरत जाते. असे का?

ती मुळात पाण्याखालची नसावी. लकी बांबू या नावाने ओळखला जाणारा ड्रॅसिना, माँडो ग्रास, स्पॅथिफायलम, जांभळट पानांचा हेमिग्राफिस अशा काही जमिनीवरच्या वनस्पती मत्स्यटाकीसाठी म्हणून विकल्या जातात. त्या बुडलेल्या स्थितीत काही आठवडे, कधी काही महिने तग धरतात आणि मग कुजतात. लकी बांबू आणि स्पॅथिफायलमची मुळे पाण्यात व पाने हवेत राहतील असे लावले तर ती उत्तम वाढतात आणि पाण्यातील नायट्रेटही शोषतात. बाकीच्या वनस्पती कुंडीत लावाव्यात.

सुधारणा दिसायला किती दिवस लागतात आणि ती कशी मोजावी?

वेगाने वाढणाऱ्या देठांच्या वनस्पतींत एक ते दोन आठवडे, सोर्ड व क्रिप्टोकोरिनमध्ये तीन ते सहा आठवडे आणि ॲन्युबियासमध्ये दोन महिनेही लागू शकतात. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच कोनातून एक छायाचित्र काढावे, आणि त्या आठवड्यात काय बदलले ते एका वहीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढचा बदल करण्यापूर्वी निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना जो फरक जाणवत नाही, तो महिन्याच्या अंतराने काढलेल्या दोन छायाचित्रांत लख्ख दिसतो. जुनी पाने अजून गळत असतील, पण प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा थोडे मोठे आणि नितळ येत असेल, तर मार्ग बरोबर आहे आणि काहीही बदलायची गरज नाही.

ॲपोनोजेटॉनची सर्व पाने झडली आणि फक्त कंद उरला. तो टाकून द्यावा का?

कंद दाबून पाहावा. मऊ पडला असेल आणि आतून पाण्यासारखा द्रव येत असेल तर तो काढून टाकावा. घट्ट असेल तर ती बहुधा विश्रांती आहे. या वंशातील काही जाती, विशेषतः मादागास्करमधील, ठरावीक काळ भरपूर वाढतात आणि नंतर पाने टाकून कंदात निजतात. अशा कंदाला खत देऊन किंवा प्रकाश वाढवून जागे करण्याचा प्रयत्न करू नये. तो तसाच राहू द्यावा, किंवा थोड्या थंड पाण्याच्या लहान भांड्यात काढून सुमारे दोन महिने अंधाऱ्या जागी ठेवावा आणि मधूनमधून पाणी बदलावे. पुन्हा लावताना कंदाचा वरचा भाग वाळूच्या बाहेर राहील इतकाच तो पुरावा, कारण नवा कोंब तेथूनच येतो.